दहा मजली जहाज उलटत का नाही?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध एकेरी नसून दुहेरी आहे. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगावच्या सपाटीवर पडलेला पाऊस पूर्णा नदीत जातो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. घाटावर, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी मजल दरमजल करीत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात!

पाणी समुद्रापर्यंत आपोआप पोहोचते, माणसांना मात्र मलकापूर किंवा शेगावला गाडी पकडून पाचशेएक किलोमीटर जावे लागते. अशा वेळी मुंबईच्या बंदरात उभे असलेले मोठे प्रवासी जहाज प्रथमच पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा दोन प्रश्न येतात. एवढे लोखंड तरंगते कसे, हा पहिला. त्याचे उत्तर आर्किमिडीजने दिले आहे आणि ते पाठ्यपुस्तकात आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जहाजाचा फार थोडा भाग पाण्याखाली आणि दहा मजल्यांची इमारत पाण्याच्या वर, तरीही ते उलटत का नाही? या लेखात आपण मुंबई ते गोवा असा एका रात्रीचा प्रवास करू आणि वाटेत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू.

जहाज केवढे असते?

आजकाल जगात पाच-सात हजार प्रवासी नेणारी अजस्र जहाजे बांधली जातात. आपण मध्यम आकाराचे, जुन्या घडणीचे जहाज घेऊ. ‘एम्प्रेस’ हे असे एक जहाज. ते फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधले गेले आणि १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने समुद्रात उतरले. पुढे त्याची नावे आणि मालक बदलत गेले. २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने त्याच जहाजाने मुंबईहून सफरी सुरू केल्या.

या जहाजाची लांबी सुमारे २११ मीटर आहे. रेल्वेचे नऊ डबे एकापुढे एक उभे केले तर साधारण तेवढी लांबी होईल. रुंदी सुमारे ३१ मीटर. नांदुऱ्याची १०५ फूट उंचीची हनुमानमूर्ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची उंची ३२ मीटर भरते. म्हणजे जहाजाची रुंदीच जवळजवळ त्या मूर्तीच्या उंचीइतकी! जहाजाचा पाण्याखालचा भाग, ज्याला जहाजाचा डूब म्हणतात, तो मात्र जेमतेम ७ मीटर असतो.

जहाजाविषयीच्या माहितीपत्रकात ‘४८,५६३ ग्रॉस टन’ असा एक आकडा आढळतो. वाचणाऱ्याला वाटते, हे जहाजाचे वजन असावे. तसे ते नाही. येथे टन हे वजनाचे एकक नसून जहाजाच्या बंदिस्त जागेचे, म्हणजे आकारमानाचे माप आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारात ते काढण्याचे सूत्र ठरलेले आहे. त्या सूत्रात हा आकडा उलट दिशेने घातला तर जहाजातील बंदिस्त जागा सुमारे १ लाख ६० हजार घनमीटर असल्याचे कळते.

मग जहाजाचे खरे वजन किती? ते आपणच अंदाजाने काढू. पाण्याखालचा भाग २०० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ७ मीटर खोल अशी चौकोनी पेटी असती, तर तिचे आकारमान ४२,००० घनमीटर झाले असते. पण जहाजाचे नाक निमुळते आणि तळाच्या कडा गोलसर असतात. त्यामुळे पेटीचा साधारण सहा-दशांश भागच प्रत्यक्षात भरतो. म्हणजे सुमारे २५,००० घनमीटर. एवढे समुद्राचे पाणी जहाज बाजूला सारते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन १.०२५ टन असते. म्हणून बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन सुमारे २५,६०० टन, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार जहाजाचेही तेवढेच.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. एकूण जागा १ लाख ६० हजार घनमीटर आणि पाण्याखाली फक्त २५ हजार. सहा भागांपैकी जवळजवळ पाच भाग पाण्याच्या वर आहेत! हिमनगाचे नेमके उलटे चित्र.

आपण चढलो की जहाज किती बुडते?

जहाजावर सुमारे अठराशे प्रवासी चढतात. सामानासह प्रत्येकाचे वजन ८० किलोग्रॅम धरले तर एकूण १४४ टन झाले. पाण्याच्या पातळीवर जहाजाचा आडवा छेद घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मीटर भरेल. जहाज एक सेंटिमीटर अधिक बुडाले की ५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५१ टन जादा पाणी बाजूला सारले जाते. १४४ ला ५१ ने भागा. उत्तर येते तीन सेंटिमीटरपेक्षा थोडे कमी. म्हणजे एका मोठ्या गावाएवढी माणसे चढली तरी जहाज दोन बोटे खाली जाते, अधिक नाही.

जहाज किती बुडू द्यायचे याला मर्यादा असते. जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते. जास्त माल भरून जहाजे बुडवणाऱ्या मालकांविरुद्ध इंग्लंडच्या संसदेत सॅम्युअल प्लिमसोल यांनी चळवळ केली आणि १८७६ मध्ये अशी रेघ काढण्याचा कायदा झाला. म्हणून तिला प्लिमसोल रेषा म्हणतात. तिच्या शेजारी आणखी काही आडव्या खुणा असतात: उष्ण कटिबंधातील समुद्रासाठी एक, उन्हाळ्यासाठी एक, हिवाळ्यासाठी एक आणि गोड्या पाण्यासाठी वेगळी.

गोड्या पाण्यासाठी वेगळी खूण कशाला? गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. आपले जहाज गोड्या पाण्यात आणले तर तेवढ्याच वजनासाठी त्याला ६०० घनमीटर अधिक पाणी बाजूला सारावे लागेल. ६०० ला ५,००० ने भागले तर ०.१२ मीटर, म्हणजे जहाज १२ सेंटिमीटर अधिक बुडेल. अठराशे माणसांनी जेवढा फरक पडला त्याच्या चौपट फरक केवळ मीठ नसल्याने पडतो. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. खारेपणाने पाण्याची घनता वाढते, हे पाहण्यासाठी तेथील पाणी आणण्याची मात्र गरज नाही. ते अभयारण्य आहे. पाण्याच्या पेल्यात अंडे सोडा आणि स्वयंपाकघरातले मीठ थोडे थोडे विरघळवत जा. तळाशी बसलेले अंडे हळूहळू वर येईल.

उभे राहण्याचे रहस्य

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जहाजावर दोन बले काम करतात. एक म्हणजे त्याचे वजन. ते जहाजाच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली ओढते. दुसरे म्हणजे पाण्याचे प्लावक बल. ते पाण्याखालच्या भागाच्या मध्यातून सरळ वर ढकलते. या दुसऱ्या बिंदूला आपण प्लावकमध्य म्हणू.

पुष्कळांना वाटते की जहाज उभे राहायचे तर गुरुत्वमध्य प्लावकमध्याच्या खालीच हवा. पाणबुडी पूर्ण बुडालेली असताना हे खरे असते. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या जहाजाला मात्र ते बंधन नाही. त्याचा गुरुत्वमध्य प्लावकमध्याच्या बराच वर असला तरी चालतो. हे कसे शक्य होते?

जहाज लाटेने उजवीकडे कलले असे समजा. आतील सर्व वस्तू जागच्या जागी पक्क्या आहेत, म्हणून गुरुत्वमध्य जहाजाच्या शरीरात होता तेथेच राहतो. पण पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो. उजव्या बाजूची एक पाचर पाण्यात बुडते, डाव्या बाजूची तेवढीच पाचर पाण्याबाहेर येते. साहजिकच पाण्याखालच्या भागाचा मध्य उजवीकडे सरकतो. आता वर ढकलणारे बल उजवीकडून लागते आणि खाली ओढणारे बल त्याच्या डावीकडे राहते. ही जोडी जहाजाला पुन्हा सरळ करते.

सरकलेल्या प्लावकमध्यातून एक सरळ उभी रेघ वर काढा. ती जहाजाच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्याला ‘मेटासेंटर’ म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बुगेर यांनी १७४६ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यावरून नियम अगदी सोपा होतो. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर कललेले जहाज सरळ होते. वर असेल तर ते अधिकच कलते आणि उलटते. जणू जहाज त्या अदृश्य बिंदूला टांगलेले असते.

हा बिंदू किती उंचीवर असतो? ते मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते, आणि तेही रुंदीच्या घनावर. सूत्रात न शिरता आपल्या जहाजाचा ढोबळ हिशेब पाहू. तळापासून प्लावकमध्य सुमारे ४ मीटर उंचीवर. त्याच्या वर सुमारे १२ मीटरवर मेटासेंटर. म्हणजे तळापासून १६ मीटर, अर्थात पाण्याच्या पातळीच्याही ९ मीटर वर! गुरुत्वमध्य तळापासून १४ मीटरवर आहे असे धरले तरी तो मेटासेंटरच्या दोन मीटर खाली राहतो आणि जहाज सुरक्षित असते. तेच जहाज तेवढेच लांब आणि तेवढेच खोल, पण निम्म्या रुंदीचे बांधले, तर १२ मीटरऐवजी अंतर फक्त ३ मीटर उरेल आणि ते धक्क्यावरच आडवे होईल.

म्हणून जहाज बांधणारे दुहेरी काळजी घेतात. जहाज रुंद ठेवतात म्हणजे मेटासेंटर वर जातो. आणि इंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या अशा जड गोष्टी तळाशी ठेवतात म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो. वरच्या मजल्यांवर असतात खोल्या, भोजनगृहे आणि नाट्यगृह. ती पातळ पत्र्याची आणि हलक्या सामानाची असतात. जागा पुष्कळ व्यापतात, पण वजन थोडे. बाहेरून दिसते ती इमारत म्हणजे बहुतेक हवाच!

करून पाहा

यासाठी एक बादली पाणी, एक उंच स्टीलचा पेला, एक पसरट वाटी आणि मूठभर खडे पुरेत.

१. रिकामा पेला पाण्यात उभा सोडा. तो आडवा होतो.

२. त्याच्या तळाशी थोडे खडे टाका. एका ठरावीक वजनानंतर तो उभा राहतो. येथे तुम्ही गुरुत्वमध्य खाली आणलात.

३. रिकामी वाटी सोडा. तिला खड्यांची गरज लागत नाही. येथे रुंदीने काम केले.

४. वाटीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर खडे रचत जा. एका क्षणी वाटी एकदम उलटेल. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला तो हाच क्षण.

शिक्षकांनी वेगवेगळ्या रुंदीच्या वाट्या घेऊन, प्रत्येक वाटी किती खड्यांना उलटते याचा तक्ता वर्गात करवून घ्यावा.

रामदास बोटीची आठवण

हा केवळ गणिताचा विषय नाही. १७ जुलै १९४७ या दिवशी सकाळी ‘रामदास’ नावाची प्रवासी बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली. पावसाळ्याचे दिवस होते आणि बोट माणसांनी भरलेली होती. काश्याच्या खडकाजवळ वादळी वारा आणि मोठ्या लाटांनी बोट एका बाजूला कलली. घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले. थोड्याच अवधीत बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. जे वाचले त्यांतील अनेकांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून काढले. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना कोकणातील शेकडो घरांत अंधार झाला.

माणसे धावल्याने बोट उलटू शकते का? हिशेब करून पाहू. वजन एका बाजूला सरकले की जहाज किती कलेल हे चार गोष्टींवर ठरते: सरकलेले वजन, ते किती अंतर सरकले, जहाजाचे एकूण वजन, आणि गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या किती खाली आहे ते. पहिल्या दोहोंच्या गुणाकाराला दुसऱ्या दोहोंच्या गुणाकाराने भागले की कलाच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो.

आपल्या मोठ्या जहाजावर सर्व अठराशे प्रवासी, म्हणजे १४४ टन, एकदम १० मीटर डावीकडे गेले असे समजा. १,४४० ला (२५,६०० गुणिले २) ने भागले की ०.०२८ येते. जहाज सुमारे दीड अंश कलेल. टेबलावरचा पेलाही सांडणार नाही.

आता ४०० टन वजनाची एक लहान बोट कल्पा. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या अर्धा मीटरच खाली आहे. तिच्यावर ७०० माणसे, ६० किलोप्रमाणे ४२ टन. ती तीन मीटर एका बाजूला सरकली. १२६ ला २०० ने भागले की ०.६३, म्हणजे कोन बत्तीस अंश! हे सूत्र खरे तर लहान कोनांपुरतेच लागू पडते, आणि हे आकडे कल्पित बोटीचे आहेत, रामदासचे नव्हेत. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. लहान बोटीत माणसे हा केवळ भार नसतो, तो हलता भार असतो. शिवाय ती माणसे वरच्या डेकवर उभी असली तर गुरुत्वमध्यही वर चढतो. त्यावर लाट आणि वारा यांची भर पडली की परत सरळ होण्याची ताकद संपते.

म्हणून एलिफंटाच्या लाँचमध्ये बसा की गावच्या धरणातल्या नावेत, दोन नियम पक्के लक्षात ठेवा. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे असतील तर चढू नका. आणि बोट कलली तर उभे राहू नका, धावू नका; आहात तेथेच खाली बसा. खाली बसण्याने सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य खाली येतो. सांगणाऱ्याने ‘घाबरू नका’ एवढेच सांगून भागत नाही, ‘खाली बसा’ हे सांगायला हवे.

अर्धा भरलेला टँकर

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर गावोगाव फिरताना तुम्ही पाहता. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर वळणावर अधिक हिसके देतो, हे राजूर घाटातून टँकर नेणारा कोणताही चालक सांगेल. कारण आतले पाणी मोकळे असते. गाडी एका बाजूला झुकली की पाणीही त्याच बाजूला धावते आणि झुकणे वाढवते. पाण्याने अर्धी भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

जहाजात इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या असतात. त्या अर्ध्या रिकाम्या झाल्या की हाच धोका उद्भवतो. येथेही रुंदीचा घन आडवा येतो, या वेळी शत्रू म्हणून. एका रुंद टाकीत मधोमध एक उभी भिंत घातली तर मोकळ्या पाण्याचा हा दुष्परिणाम चौथाईवर येतो. म्हणूनच जहाजाच्या टाक्या अरुंद कप्प्यांत विभागलेल्या असतात आणि टँकरमध्येही आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात.

जहाजाच्या तळाचे कप्पे आणखी एका कारणासाठी असतात. तळाला भोक पडले तरी पाणी एकाच कप्प्यात अडावे, म्हणून मधे जलरोधक भिंती असतात. पण भोक फार लांब असेल तर त्याही पुऱ्या पडत नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे मोठे प्रवासी जहाज खडकाला घासले, तळ लांबवर फाटला आणि ते किनाऱ्याशीच आडवे झाले. ३२ जण दगावले. म्हणून सफरीला निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला सुरक्षा-जाकीट कसे घालायचे आणि कोठे जमायचे हे दाखवले जाते. हौशी प्रवासी त्या वेळी छायाचित्रे काढण्यात गुंग असतात. तुम्ही मात्र ते लक्ष देऊन पाहा.

डुलणे आणि मळमळणे

मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या जितका वर तितके चांगले, असे वाटेल. तसे नाही. फार ‘ताठ’ जहाज कलल्यावर झटकन सरळ होते आणि तेवढ्याच वेगाने दुसऱ्या बाजूला कलते. प्रवाशांना बैलगाडीचे हिसके बसावेत तसे होते. आपल्या जहाजाचा डुलण्याचा एक फेरा हिशेबाने सुमारे सतरा सेकंदांचा येतो. म्हणजे हलकासा झोपाळा. त्यातही डुलणे कमी करण्यासाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज चालू असताना हे पंख आपला कोन बदलत राहतात आणि लाटेच्या उलट दिशेने जोर लावतात. जपानमध्ये मोटोरा यांनी १९२० नंतरच्या दशकात अशा पंखांचा यशस्वी प्रयोग केला.

तरीही काहींना मळमळते. आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते की शरीर हलत आहे. खोलीतल्या भिंती मात्र आपल्याबरोबरच हलतात, म्हणून डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. उपाय साधा आहे. मोकळ्या हवेत जावे आणि क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळे आणि कान यांचे एकमत होते. झोपण्यासाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली बरी. तेथे हालचाल सर्वांत कमी असते.

एका रात्रीत गोवा

समुद्रात अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट, १,८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल या वेगाला एक ‘नॉट’ म्हणतात. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून, ती लाकडी फळीसह मागे सोडत आणि वाळूचे घड्याळ संपेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. त्यावरून हे नाव पडले.

भूगोलाच्या नकाशावरून आपणही अंतर काढू शकतो. मुंबई १८ अंश ५६ मिनिटे उत्तर अक्षांशावर, मुरगाव १५ अंश २५ मिनिटांवर. फरक २११ मिनिटे, म्हणजे दक्षिणेकडे २११ सागरी मैल. मुरगाव मुंबईच्या सुमारे एक अंश पूर्वेला आहे. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे ५७ सागरी मैल. पायथागोरसचा सिद्धांत वापरा. सरळ अंतर सुमारे २१९ सागरी मैल, म्हणजे ४०५ किलोमीटर येते. १५ नॉट वेगाने साडेचौदा तास लागतील. संध्याकाळी निघालेले जहाज सकाळी गोव्यात, हे गणित असे जुळते. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली ‘आंग्रिया’ बोट याच पद्धतीने रात्रभर चालत असे.

चहूकडे पाणी, प्यायला नाही

हजारो माणसांना पिण्यासाठी, आंघोळीसाठी, स्वयंपाकासाठी गोडे पाणी लागते. सगळे बंदरातून भरून न्यायचे तर टाक्या अपुऱ्या पडतील. म्हणून अशी जहाजे समुद्राच्याच पाण्यापासून गोडे पाणी करतात. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत ऊर्ध्वपातनाची. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. घाटाखाली मलकापूरला पाणी सुमारे ९९ अंशांना उकळते, घाटावर बुलढाण्यास सुमारे ९८ अंशांना. जहाजावरील बंद भांड्यातली हवा पंपाने इतकी काढून घेतात की पाणी ४०-५० अंशांनाच उकळते. एवढी उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या गरम पाण्यातून फुकट मिळते. वाफ थंड केली की गोडे पाणी तयार.

दुसरी रीत पडद्यातून पाणी दाबून काढण्याची. तिला व्युत्क्रमी परासरण किंवा ‘आरओ’ म्हणतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवून पाणी तेवढे पलीकडे ढकलण्यासाठी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठपट दाब द्यावा लागतो.

हा विषय आपल्या जिल्ह्याच्या दाराशी आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांच्या विहिरींचे पाणी खारे आहे, आणि तेथून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विद्राव्य घटक चालतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. समुद्राच्या पाण्याशी तुलना केली तर विहिरीतले क्षार थोडे, म्हणून दाबही थोडा पुरतो. जहाजावर वापरतात तेच तत्त्व गावातील आरओ केंद्रात वापरले जाते.

पण एक फरक विसरता कामा नये. पडद्यातून गोडे पाणी निघाले की मागे अधिक खारट पाणी उरते. जहाज ते समुद्रात सोडते आणि समुद्राला त्याचे काही वाटत नाही. गावाने ते कोठे सोडायचे? शेतात सोडले तर जमीन खारवते, खड्ड्यात सोडले तर ते मुरून पुन्हा विहिरींकडे येते. म्हणून पावसाचे पाणी साठवणे आणि सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीच्या धरणासारख्या ठिकाणचे गोडे पाणी नळाने आणणे, हे उपाय आरओच्या जोडीने लागतातच.

वर्गासाठी उपक्रम

खारपाणपट्ट्यातील शाळांनी एक काम अवश्य करावे. एका परीक्षानळीत थोडी वाळू घालून ती पाण्यात उभी तरंगेल अशी करा. आत कागदाची मोजपट्टी सरकवून नळीचे तोंड बंद करा. प्रथम पावसाच्या पाण्यात, मग मीठ विरघळवलेल्या पाण्यात ती किती बुडते ते नोंदवा. लिटरला १०, २० आणि ३० ग्रॅम मीठ घेतले की नळी क्रमाने वर येताना दिसेल. ही झाली तुमची स्वतःची प्लिमसोल रेषा.

नंतर ती विहिरीच्या पाण्यात सोडा. फरक इतका सूक्ष्म असेल की तो बहुधा दिसणारच नाही, कारण लिटरला दोन-तीन ग्रॅमांनी घनता अगदी थोडी बदलते. जिभेला मात्र ते पाणी मचूळ लागते, आणि मूत्रपिंडाला ते वर्षानुवर्षे सोसावे लागते. मोजपट्टीवर न दिसणारा फरक शरीराला मोठा का ठरतो, या प्रश्नावर वर्गात चर्चा करा. मग गावातील कोणत्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवे, याची यादी करून ती ग्रामपंचायतीला द्या.